डोंगराची निळी बाजू

स्की भाड्याने घ्यायला गेलं की एक फॉर्म भरून घेतात. वजन, उंची, वय, बुटाचं माप वगैरे, आणि खाली एक प्रश्न असतो ज्यात भले भले लोक थापा मारतात: तुम्ही कुठल्या टाइपचे स्कीअर, एक, दोन की तीन? एक म्हणजे हळू, जपून, सौम्य उतारावर. तीन म्हणजे वेगात, खड्या उतारावर, बिनधास्त. दोन म्हणजे उरलेले सगळे. खरं तर हा मानापमानाचा प्रश्न नाहीये. दुकानातला पोरगा त्या उत्तरावरून बाइंडिंगचा स्क्रू फिरवतो, आणि पडल्यावर किती जोर आला की बूट स्कीतून सुटायचा ते त्यावर ठरतं. एक लिहिलंत तर पटकन सुटतो. तीन लिहिलंत तर हट्टाने धरून ठेवतो, आणि तुम्ही खरे तीन नसाल तर त्या हट्टाची किंमत गुडघा मोजतो.

वैशूने तीन लिहिलं. मी नुसतं बघितलं तिच्याकडे. "अगं माहितीये मला, पण दोन लिहिताना कसंतरीच वाटतं," म्हणाली आणि खोडून दोन केलं.

वैशू मूळची चिपळूणची, आता डॅलसला असते, मी महाडची, आता डेन्व्हरजवळ. दोघींनीही बर्फ पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, आणि स्की शिकलो त्या पोरांमुळे, म्हणजे पोरांना क्लासला घातलं आणि खाली लॉजमध्ये महागडी कॉफी पीत बसायचा कंटाळा आला म्हणून. पोरं दोन सीझनमध्ये पुढे निघून गेली, आता ती आमच्याबरोबर येतसुद्धा नाहीत, आणि आम्ही जिथे पोचलो तिथेच आहोत. इंटरमीजिएट. मग एका फोनवर ठरलं की पोरं नकोत, नवरे नकोत, मार्च लागला की दोघीच गाडी काढायची, कोलोराडोतून निघून युटा, आयडाहो, वायोमिंग असा वळसा घेऊन परत. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्या लांब पडायला जायचं? इथे बाथरूममध्ये पडलीस तरी चाललं असतं."

एक गोष्ट आधीच सांगते, इंटरमीजिएट ही एक जात नाहीये. वैशूला भीती नाही आणि टेक्निकही नाही. मला टेक्निक आहे, चांगलं आहे, दोन तीन इन्स्ट्रक्टरांनी वाखाणलेलं आहे, आणि उतार जरा खडा झाला की ते सगळं मागे पडतं. कारण स्कीइंगमध्ये एक मोठी गंमत आहे, जी कळायला पाच मिनिटं लागतात आणि अंगात मुरायला वर्षं: ताबा हवा असेल तर छाती उताराकडे, खाली दरीच्या दिशेने झुकवायची. घाबरून मागे डोंगराकडे रेललात की वजन टाचांवर जातं, स्कीची पुढची टोकं हलकी पडतात, कड धरत नाही, आणि स्की तुमचं ऐकेनाशी होते. म्हणजे ज्या क्षणी अंग म्हणतं मागे हो, नेमकं त्याच क्षणी पुढे व्हायचं. वैशू पुढेच असते नेहमी, पण पुढे गेल्यावर वळायचं कसं याचा तिने विचार केलेला नसतो. फॉर्मवर मात्र दोघी टाइप दोन.

तर खुणा. अमेरिकेत रन्सना, म्हणजे उतरायच्या ठरलेल्या वाटांना, हिरवा गोल म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मधला, काळा हिरा म्हणजे अवघड, दोन काळे हिरे म्हणजे आधी इन्शुरन्स बघा. नवख्या माणसाला वाटतं याला काहीतरी सरकारी माप असेल. तसं काही नाही. प्रत्येक रिसॉर्ट आपल्याच डोंगरावरच्या बाकीच्या उतारांशी ताडून ठरवतं. म्हणजे ज्या डोंगरावर भयानक कडे आहेत तिथला निळा दुसरीकडे काळा ठरेल, आणि उलटही. निळा चौकोन हे त्या डोंगराचं स्वतःबद्दलचं मत असतं. आणि गावाची परीक्षा जशी तिथल्या खानावळीत करावी, थ्री स्टार हॉटेलात नाही, तशी डोंगराची परीक्षा त्याच्या निळ्या रन्सवर करावी असं माझं म्हणणं आहे. मासिकांच्या कव्हरवर सगळीकडे तोच हवेत उडी मारलेला दाढीवाला असतो. मधल्या माणसाला हा डोंगर काय देतो, कुठे बसवतो, ते कव्हरवर येत नाही.

निघालो बुधवारी पहाटे, कारण शनिवारी आय-७० वर डेन्व्हरहून डोंगराकडे जाणं म्हणजे पार्किंगमध्येच दिवस काढणं. आयझेनहॉवर टनेल अकरा हजार फुटांवर आहे, एक नळी १९७३ची, दुसरी १९७९ची, आणि त्यातून पलीकडे निघालं की हवामान बदललेलं असतं, इकडे कोरडं ऊन तर तिकडे बर्फ भुरभुरतोय. थंडीत या पट्ट्यात टायरची नक्षी किती खोल असावी याचा कायदा आहे. वैशूने डॅलसहून गाडी आणायचा हट्ट सोडला तो यामुळेच.

पहिला मुक्काम कॉपर माउंटन. या डोंगराची वर्गवारी निसर्गानेच करून ठेवली आहे: पश्चिमेकडे सोपं, मधोमध मध्यम, पूर्वेकडे अवघड. त्यामुळे चुकून कुठे भलतीकडे जाऊन अडकलात असं सहसा होत नाही. मधल्या भागात दिवसभर रुंद, रात्री मशीनने दाबून रेघा ओढलेले, गुळगुळीत रन्स. पहिल्या दिवशी हेच हवं असतं. दुपारी तीनपर्यंत मला जरा कंटाळा आला हेही खरं. सगळे आपल्यासारखेच, आपल्याच वेगाचे, डोकं वर करून बघावं असं कोणी जवळून जातच नाही.

संध्याकाळी कॉन्डोत वैशूने पातेल्यात तुरीची डाळ टाकली. आम्ही आंघोळी केल्या, बूट वाळत घातले, अर्धा तास घरी फोन केले, डाळ तशीच, दाणा न् दाणा शाबूत. कॉपरचा पायथाच ९७०० फुटांवर आहे, तिथे पाणी साधारण ९० डिग्रीलाच उकळतं, खळखळा उकळतंय दिसतं पण डाळीला त्याचं काही वाटत नाही. मी गाडीतून घरचा तीन लिटरचा कुकर आणला, ज्यावरून ती डेन्व्हरपासून मला हसत होती. दोन शिट्ट्या जास्त लागल्या. वरण भात, तूप, लिंबू, आणि नंतर उंचीमुळे दुखणारं डोकं धरून दोघी नऊला आडव्या.

दुसऱ्या दिवशी वेल पास ओलांडून वेल. इथलं तिकीट खिडकीवर घ्याल तर गर्दीच्या दिवशी तीनशे डॉलरच्या वर जातं, आणि हे एका माणसाचं एका दिवसाचं. स्वस्तात हवं तर सीझनच्या सुरुवातीलाच, डिसेंबर उजाडायच्या सुमाराला घेऊन ठेवावं लागतं, तेव्हा तुम्हाला मार्चमध्ये रजा मिळेल का हेही माहीत नसतं. आम्ही घेऊन ठेवलं होतं. बाकीच्या डोंगरांसाठी दुसऱ्या कंपनीचा पास. या दोन पासांनी अख्खा पश्चिमेकडचा बर्फ वाटून घेतलाय, आणि तुमची ट्रिप कुठे जाणार हे नकाशा कमी आणि पास जास्त ठरवतो.

वेल हे रिसॉर्ट १९६२ साली उघडलं. त्याआधी तिथे मेंढ्या चरायच्या. काढणाऱ्यांपैकी एक पीट सीबर्ट. हा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या टेन्थ माउंटन डिव्हिजनमध्ये होता, म्हणजे बर्फात आणि डोंगरात लढायला खास तयार केलेली पलटण, जिचं ट्रेनिंग इथून जवळच कॅम्प हेलला झालं. फेब्रुवारी १९४५ मध्ये या पोरांनी इटलीत रिवा रिज नावाचा कडा रात्रीतून चढून जर्मनांना गाठलं. सीबर्ट तिथेच पुढच्या महिन्यात जबर जखमी झाला, आणि बरा होऊन परत कोलोराडोत आला. वेलच्या समोरच्या बाजूला एक लांबलचक रन आहे त्याचं नाव रिवा रिज. बहुतेक लोक ते नाव वाचून पुढे जातात. मी थांबले, कारण आमच्या माणगावात, हायवेवरून महाडला जाताना, यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, शाळेत असताना सहलीच्या गाडीतून प्रत्येक वेळी कोणीतरी मास्तर दाखवायचे. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, जुलै १९४४ मध्ये इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मारले गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्याच मोहिमेत, त्याच ॲपेनाइन डोंगररांगांमध्ये. कोकणातला पोरगा आणि कोलोराडोत तयार झालेला पोरगा, सात आठ महिन्यांच्या अंतराने. एकाच्या नावाने तालुक्याच्या गावात पुतळा, दुसऱ्याने उभारलं ते हे. मी वैशूला लिफ्टवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली हो गं, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही, जे वैशूच्या बाबतीत पुष्कळ झालं.

वेलच्या निळ्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. डोंगर अवाढव्य आहे, पाच हजार एकरांच्या वर. पण ज्यासाठी वेल प्रसिद्ध आहे ते मागचे बाउल्स, म्हणजे झाडं नसलेल्या पांढऱ्या परातींसारखे उघडे उतार, ते बहुतेक काळे आणि न दाबलेले. मधल्या माणसाला चायना बाउलमध्ये पॉपीफील्ड्स आहे आणि त्याच्याही पलीकडे ब्लू स्काय बेसिन आहे, जे २००० साली उघडलं आणि खरंच सुंदर आहे, झाडांमधून वळणं घेणारं, दंगा नसलेलं. पण तिथे पोचायला लिफ्ट, मग कॅट ट्रॅक (बर्फ दाबणाऱ्या मशीनचा अरुंद रस्ता), मग लिफ्ट, मग परत सपाट कॅट ट्रॅकवर काठ्या मारत ढकलणं. सकाळचा मोठा भाग प्रवासात जातो आणि दोनला परत निघायचा विचार सुरू होतो. मोठेपणा आहे, पण तो बघायला जाता जाताच दिवस संपतो.

वेलहून युटा हा रस्ता मी पटकन सांगून टाकते. ग्लेनवुड कॅन्यन, जिथे नदी, रेल्वे आणि दोन मजली हायवे एकाच घळीत बसवलेत, हा तुकडा १९९२ मध्ये पुरा झाला आणि इंजिनिअरांनी तो बघायला म्हणून जावं. मग ग्रँड जंक्शन, मग वाळवंट, ग्रीन रिव्हरला पेट्रोल आणि स्वच्छतागृह, तिथून पुढे हायवे सोडून सहा नंबरचा रस्ता, सोल्जर समिट, आणि अंधार पडता पडता सॉल्ट लेकचे दिवे. आमच्या मागोमाग वादळ येत होतं आणि आम्हाला ते हवंही होतं.

आल्टा.

सॉल्ट लेकच्या कडेलाच लिटल कॉटनवुड कॅन्यन आहे, अरुंद, खडी, आणि तिच्या शेवटी आल्टा. या एका रस्त्यावर पन्नासहून जास्त ठिकाणी हिमकडा सुटू शकतो, म्हणून रात्री जोरात बर्फ पडला की पहाटे रस्ता बंद करतात आणि वरचा साचलेला बर्फ स्फोट करून मुद्दाम खाली पाडतात, सगळं बसलं की मग गाड्या सोडतात. कितीतरी दशकं त्यासाठी लष्करातल्या खऱ्या तोफा वापरल्या. वर राहणाऱ्यांना अशा वेळी इमारतीबाहेर पाऊल टाकायला बंदी असते, त्याला इंटरलॉज म्हणतात, बाहेर आलात तर पोलीस पकडू शकतात. आम्ही खाली गाड्यांच्या रांगेत. अंधारात लाल टेललाइट्सची माळ, थर्मासमधला चहा, वैशूच्या मांडीवर पोळीचे रोल आणि लसणाची चटणी, आणि गाडीभर तो वास. पुढच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्याने खाली उतरून काच पुसली आणि आमच्याकडे बघून अंगठा दाखवला. सगळ्यांना माहीत असतं की थांबण्यासारखं काहीतरी वर आहे.

आल्टाला २०२२-२३ च्या सीझनमध्ये ९०३ इंच बर्फ पडला. इंच. म्हणजे पंचाहत्तर फूट. आणि नुसता भरपूर नाही, हलका. पॅसिफिकवरून आलेली वादळं नेवाडाचं वाळवंट ओलांडताना कोरडी होतात, इथे उंचीवर गार होतात, आणि ग्रेट सॉल्ट लेक या तळ्याचा हातभार कधीमधी लागतो. युटाने आपल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर जगातला सर्वोत्तम बर्फ असं छापून टाकलंय. आधी मला ते मार्केटिंग वाटायचं. त्या सकाळी कॉलिन्स लिफ्टवरून उतरले, पहिलं वळण घेतलं, आणि पायाखाली काही लागलंच नाही.

पण हीच मधल्या माणसाची पंचाईत असते. आमचं सगळं शिक्षण दाबलेल्या, रेघा ओढलेल्या बर्फावर झालेलं. तिथे खालच्या पायावर वजन टाकायचं, कड बसवायची, वळायचं. गुडघाभर ताज्या बर्फात एका पायावर वजन टाकलंत की तो पाय बुडतो आणि दुसरा वर राहतो आणि तुम्ही दोन दिशांना जाता. दोन्ही पाय जवळ, वजन सारखं, घाई नाही, वर खाली उसळत राहायचं. मला हे वाचून माहीत होतं. वैशूला काहीच माहीत नव्हतं, आणि ती सरळ सुटली, ओरडत, बर्फ कमरेपर्यंत उडवत, कारण खोल बर्फ आपणहून वेग कमी करतो आणि तिचा जो एकमेव दोष, की ती वळत नाही, तो त्या दिवशी गुण ठरला. मी मागून अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीने पडत आले.

अकरापर्यंत शेकडो लोकांनी ते सगळं उकरून टाकलं होतं आणि मॅम्बो नावाचा आमचा निळा रन ढेकळांनी भरला होता. मांड्या संपल्या. मग आम्ही अल्बियनच्या बाजूला गेलो, शुगरलोफ लिफ्टवरून डेव्हिल्स एल्बो नावाचा निळा, नाव उगाच भीतीदायक आहे. आल्टात सगळ्यांची लिफ्ट एकच असते आणि वर गेल्यावर सगळे वेगवेगळीकडे पांगतात. काळेवाले डोंगराच्या कडेकडेने आडवे चालत चालत आपापल्या जागा गाठतात, आपण समोरून उतरतो, आणि परत खाली त्याच रांगेत शेजारी उभे. सत्तावीस वर्षांची एक पोरगी आणि तिची आई अशी एक जोडी होती, दोघी एकत्र वर जायच्या, वेगळ्या उतरायच्या, एकत्र वर जायच्या. कॉपरमध्ये हे होत नाही. मला आल्टा त्यासाठी आवडलं.

स्नोबोर्डला तिथे बंदी आहे. अमेरिकेत अशी तीनच रिसॉर्ट्स उरलीत, आल्टा, शेजारची डीअर व्हॅली आणि पूर्वेकडे व्हरमाँटमध्ये मॅड रिव्हर ग्लेन. २०१४ मध्ये बोर्डवाल्यांनी केस केली, की जमीन सरकारी जंगलाची आहे तर आम्हाला मज्जाव कसा, आणि अपिलातही हरले. मला तत्त्व म्हणून पटत नाही. पण रनच्या मधोमध बसकण मारलेली पोरं नाहीत हे दिवसभर जाणवतं, आणि छान वाटतं, आता काय करणार.

स्नोबेसिनला एक दिवस. २००२ च्या ऑलिम्पिकची डाउनहिल इथे झाली. लॉजमध्ये झुंबरं, आणि टॉयलेट संगमरवरी, मी अतिशयोक्ती करत नाहीये. निळे रन्स लांब, रिकामे, कामाचे. गाव नाही, दुकानं नाहीत, चारला सगळं चिडीचूप.

स्नोबेसिन आणि आयडाहोतलं सन व्हॅली एकाच कुटुंबाचं आहे, होल्डिंग म्हणून. रस्त्यात हिरवा डायनोसॉर असलेले सिंक्लेअरचे पेट्रोल पंप लागतात ना, ते पण वर्षानुवर्षं त्यांचेच होते. सन व्हॅली मात्र त्यांनी काढलेलं नाही. ते काढलं रेल्वेने. युनियन पॅसिफिकच्या ॲव्हरेल हॅरिमनला थंडीत प्रवासी हवे होते, म्हणून १९३६ मध्ये रेल्वेलाइन जिथे संपते त्या खेड्याजवळ त्याने हॉटेल बांधलं. आता पाहुण्यांना डोंगरावर चढवायचं कसं? तोपर्यंत बहुतेक लोक दोरी धरून ओढले जायचे नाहीतर चालत चढायचे. रेल्वेचा एक इंजिनिअर होता जेम्स करन, त्याने आधी जहाजांवर केळ्यांचे घड चढवायच्या फिरत्या तारेवर काम केलेलं. त्याने आकड्याला केळ्यांऐवजी खुर्ची लटकवली. ओमाहामध्ये ट्रकला खुर्ची अडकवून, रोलर स्केट घातलेल्या माणसाला मागून उचलून बघितलं की कुठल्या वेगाला माणूस बसतो आणि कुठल्या वेगाला आपटतो. जगातली पहिली चेअरलिफ्ट ती. म्हणजे आज कुठेही लिफ्टची खुर्ची मागून येऊन गुडघ्यांना धपकन लागते तेव्हा आपण केळीच असतो.

मला सन व्हॅली सगळ्यात जास्त आवडलं आणि हे वैशूला अजून मान्य नाही. बर्फ तिथे आल्टाच्या निम्माही पडत नाही, बराचसा मशीनने केलेला. पण बॉल्डी नावाचा जो डोंगर आहे तो वरपासून खालपर्यंत ३४०० फूट एकसारखा उतरतो. मधे सपाटी नाही, कॅट ट्रॅक नाही, काठ्या मारणं नाही. वॉर्म स्प्रिंग्ज बाजूला एक लिफ्ट तीन हजार फुटांहून जास्त चढवते आणि खाली येणारा रन निळा आहे, पूर्ण निळा, आणि तो थांबतच नाही. पहिल्यांदा मी चार वेळा थांबले, मांड्या पेटल्या. इथले हिरवेसुद्धा दुसरीकडे निळे ठरतील असे आहेत. आणि दाबणी अशी की सकाळी नऊला त्या रेघांवर स्की टाकली की आवाज येतो फक्त, कापड फाडल्यासारखा. इथे मधल्या माणसाला उरलंसुरलं देत नाहीत. डोंगराची सगळ्यात चांगली ओळच त्याच्या ताटात.

आणि तिथले म्हातारे. सत्तरीतल्या बायका, एकसारख्या जुन्या पद्धतीची वळणं घेत, गुडघे चिकटवून, आम्हाला दोन्ही बाजूंनी मागे टाकून जात होत्या. अर्ध्या उंचीवर राउंडहाउस म्हणून १९३९ चं एक रेस्टॉरंट आहे, मधोमध चारी बाजूंनी उघडी शेकोटी. तिथे एका आजींना मी विचारलं, तुम्ही काळे रन्स करता का. म्हणाल्या, "करायचे. मग एकदा विचार केला, कशासाठी?" आणि परत सूप प्यायला लागल्या. माझं वय झालं की मला हेच पाहिजे. वैशूचं म्हणणं, आजींचं वय झालंय म्हणून त्या असं म्हणतात. असो.

सन व्हॅलीहून जॅक्सनला जाताना लाव्हा लागतो. क्रेटर्स ऑफ द मून. मैलोन् मैल काळा दगड, अर्धा बर्फाखाली, अर्धा बर्फातून वर आलेला. थंडीत आतला रस्ता गाड्यांना बंद असतो, पण हायवेच्या कडेला उतरून हात लावता येतो. मी हातमोजा काढला. बेसाल्ट. रायगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला बेसाल्ट ओळखायला पाटी लागत नाही, तोच रंग, तीच फुटलेल्या बुडबुड्यांची भोकं. फरक एवढाच की आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा काही ठिकाणी जेमतेम दोन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे जुन्नरजवळ नाणेघाटात लेणी कोरली जात होती त्याच सुमाराला हा इथे वाहत होता. वैशू म्हणाली, बस आता, गारठले मी. पुढे आर्को म्हणून एक छोटं गाव आहे, १९५५ मध्ये फक्त अणुविजेवर उजळलेलं पहिलं गाव, आम्ही तिथे बटाट्याच्या फ्राइज खाल्ल्या.

टीटन पासचा घाट उतरायला मला आवडलं नाही. दहा टक्के उतार, खाली जॅक्सनचं खोरं, रस्त्यावर बर्फ, आणि मागे पिकअपवाला चिकटलेला. वरंधा घाट पावसाळ्यात चालवणाऱ्या बापाची मी मुलगी, तरी दुसऱ्या गियरच्या वर गेले नाही.

जॅक्सन होल हा डोंगर त्याच्या ट्रामसाठी ओळखला जातो. शंभर माणसं उभी राहतात एका डब्यात, आणि तो १०,४५० फुटांवर नेऊन सोडतो, पायथ्यापासून ४१३९ फूट. वरून खाली यायला सोपा रस्ता नाही. सगळ्यात सौम्य म्हणजे रॉन्देव्हू बाउल, तो पण काळा. शेजारी कॉर्बेट्स कुलुआर, म्हणजे कड्यातली चीर, तिच्यात उडीच मारावी लागते, ते आपण बघायचं. म्हणजे हा डोंगर सरळ सांगतो की माझा वरचा मजला तुमच्यासाठी नाही. पण बाजूला आप्रे वू नावाची शाखा आहे आणि मधे कॅस्पर लिफ्ट, आणि तिथले निळे, मी प्रामाणिकपणे सांगते, उत्तम आहेत. रुंद, खडे, कॉपरमध्ये असते तर त्यांना काळं म्हटलं असतं. पहिल्या दोन फेऱ्या मी शिव्या देत केल्या आणि तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की मी मागे रेलत नाहीये. कधी थांबलं ते माहीत नाही, बहुतेक सन व्हॅलीत, त्या न संपणाऱ्या उतारावर घाबरत राहायला पाय उरले नव्हते तेव्हा.

वैशूला ट्राम पाहिजे होती. मी नको म्हटलं. "तू नाही आलीस तरी मी जाणार आहे हं." जा म्हटलं. तुझं तुला माहीत. ती गेली, आणि मी कॅस्परवर फेऱ्या मारत बसले, दर फेरीला वर बघत, वर काहीच दिसत नव्हतं कारण अर्ध्या डोंगरावर ढग बसला होता. एक तास झाला. फोन लागेना. दीड तास झाला. मी गस्तीवाल्यांच्या केबिनकडे निघाले तेवढ्यात ती आली, खालच्या रनवरून, पिझ्झाच्या तुकड्यासारख्या, पुढची टोकं जुळवून स्की करून, जे ती एरवी मेली तरी करत नाही. टोपीत बर्फ, मानेत बर्फ, चेहऱ्यावर एवढं मोठं हसू.

वर म्हणे कॉर्बेट्स केबिनमध्ये तिने वॉफल खाल्लं, पीनट बटर आणि बेकन घालून मिळतं ते बेकन काढून. मग बाहेर आली तर पांढरं. आकाश पांढरं, जमीन पांढरी, कुठे एक संपतं आणि कुठे दुसरं सुरू होतं पत्ता नाही. उभी आहे की सरकतेय हेही कळेना, उलटीसारखं व्हायला लागलं. पुढच्या माणसाचं लाल जॅकेट धरून निघाली, जॅकेट गायब झालं, मग कडेच्या खांबांवरून खांबांवर, आडवी जायची, थांबायची, वळायची. मधे मोगल, म्हणजे बर्फाचे उंचवटे, लागले (त्यावरचे सगळे विनोद आमचे वेलमध्येच करून झाले होते). "आणि अगं मी वळले! प्रत्येक वेळी वळले. सरळ जायची सोयच नव्हती." अख्खा उतार तिने नियमाप्रमाणे वळत केला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तो कोणी पाहिला नाही.

परत येताना वायोमिंगमध्ये आय-८० वाऱ्याने बंद. बर्फ नव्हता विशेष, नुसता वारा, पण रॉलिन्सच्या पुढे मोकळे ट्रक आडवे होतात इतका. शहरभर ट्रकच्या रांगा. मोटेल मिळालं, मालक आणंदकडचे पटेल, त्यांनी आमचा कुकर बघितला आणि खोलीत स्वयंपाक करू नका असं लिहिलेली पाटी आपणहून फिरवून ठेवली. खिचडी केली, त्यांनाही दिली, त्यांनी लोणचं दिलं.

खिचडी खाता खाता भांडण. मी म्हटलं निळ्यांच्या हिशोबाने पहिला नंबर सन व्हॅली, मग आल्टा, मग जॅक्सन. वैशू म्हणाली जॅक्सन पहिलं, आणि तुला नंबर लावायचा हक्कच नाही, तू तो वरचा अर्धा डोंगर पाहिलासच कुठे.

"तू तरी कुठे पाहिलास?" मी म्हटलं. "ढग होता ना."